हँडहेल्ड तापतो, मधेच बंद पडतो: कूलिंग फॅन मागवायच्या आधी हे बघा

गुढीपाडवा झाला की आमच्या घरात ही तक्रार सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडला की आपोआप मिटते. तीन उन्हाळे हेच चाललंय. माझ्याकडे स्टीम डेक आहे, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमिंग यंत्र (हँडहेल्ड), पहिला, एलसीडी पडद्याचा. चुलत भावाने अमेरिकेहून येताना बॅगेत टाकून आणलेला. भाच्याकडे तसाच निन्टेन्डो स्विच, तोही २०१७ च्या पहिल्या मॉडेलचा, सेकंडहँड. राहायला अकोल्यात. मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ वर असणं ही इथे बातमी नसते.

लक्षणं अशी. डेकचा पंखा शिटी मारल्यासारखा ओरडायला लागतो, अर्ध्या तासाने चित्र अडखळतं, आणि दोनदा तर खेळता खेळता पडदा एकदम काळा झाला. स्विच त्यामानाने सभ्य. तापमान फार वाढलं म्हणून आता झोपतो, अशी पाटी दाखवतो आणि झोपतो. "मामा, हे काहून बंद पडून राह्यलं?" हा प्रश्न मी त्या उन्हाळ्यात रोज दुपारी ऐकला.

पहिल्या वर्षी जे सगळे करतात तेच केलं. डेकला मागून चिकटणारा एक पंखा मागवला, स्विचच्या डॉकवर (स्विच टीव्हीला जोडायचा स्टँड) बसणारा दुसरा. दोन्ही मिळून दीड हजाराच्या आत-बाहेर. निळे दिवे छान लागायचे. तक्रार तशीच राहिली. मग दुसऱ्या उन्हाळ्यात डोकं वापरलं, कागद-पेन घेतलं आणि भिंतीवर एक साधा तापमापक टांगला. पुढचं सगळं त्या तापमापकामुळे कळलं आहे.

मुळात किती गरम म्हणजे गरम

पाठ हाताला चटका देतेय म्हणजे यंत्र जळतंय असं नसतं. आपल्या तळहाताची कातडी साधारण ३३-३४ अंशांची असते, त्यामुळे ४५ अंशांचं प्लास्टिकही आपल्याला 'तापलंय' वाटतं. आतल्या चिपसाठी ८० अंश म्हणजे रोजचं काम. जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट होती तेव्हा डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने स्वतःच आकडे सांगितले होते: डेक ० ते ३५ अंशांच्या हवेत नीट चालतो, आतली चिप १०० अंशांपर्यंत आरामात काम करते, १०० ला ती स्वतःचा वेग कमी करते, १०५ ला यंत्र बंद होतं. त्याच महिन्यात जपानमध्ये निन्टेन्डोनेही लोकांना आठवण करून दिली होती की स्विच ५ ते ३५ अंशांतच वापरा, हवेची तोंडं बंद होऊ देऊ नका वगैरे.

आता दोन्हीकडचा ३५ चा आकडा पुन्हा वाचा. ही खोलीतल्या हवेची मर्यादा आहे. अकोला, नागपूर, चंद्रपूर, जळगाव इथे मे महिन्यात दुपारी पंख्याखालच्या खोलीत ३८-३९ सहज असतात. म्हणजे आपण यंत्र चालू करायच्या आधीच त्याची हद्द ओलांडून बसलेलो असतो. दोष यंत्रात शोधायचा आणि इलाज ऑनलाइन शोधायचा, मधली खोली कोणी बघतच नाही.

दोन तापमानांतला फरक

ही एकच गोष्ट समजली की निम्मे प्रश्न सुटतात. पंखा, हीटसिंक (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पातळ पात्या), तांब्याची नळी या सगळ्यांचं काम चिपमधली उष्णता खोलीतल्या हवेला देणं एवढंच. खोलीच्या हवेपेक्षा थंड ते करूच शकत नाहीत. चिप किती वॅट खातेय आणि हवा किती वाहतेय, यावर चिप आणि खोली यांच्यात ठराविक अंतर पडतं.

मी एकच मोठा गेम, त्यातली एकच जागा, वीस मिनिटं तिथेच उभं राहून, असा प्रयोग केला. जानेवारीत खोली २३, चिप ७३. अंतर ५० चं. मे महिन्यात दुपारी खोली ३९, चिप ८७. अंतर थोडं कमी झालं, कारण पंखा जास्त जोरात फिरत होता. म्हणूनच तो ओरडतही होता. ८७ ला काही बिघडत नाही. पण मग तोच डेक मी नेहमीसारखा पोटावर, पातळ गोधडीवर टेकवला. डेक मागच्या जाळीतून हवा आत घेतो आणि वरच्या कडेने बाहेर टाकतो. मागची जाळी गोधडीने झाकली. दहा मिनिटांत ९६. चार्जर लावला, ९९, आणि चित्र अडखळायला सुरुवात. म्हणजे जानेवारीच्या मानाने चौदा अंश खोलीने वाढवले, बाकीचे माझ्या गोधडीने आणि चार्जरने.

छताच्या पंख्याखाली बसून "पंखा आहे की" असं म्हणणाऱ्यांसाठी: पंख्याने हवा थंड होत नाही. आपल्याला गार वाटतं ते घाम सुकतो म्हणून. यंत्राला घाम येत नाही. ३९ अंशांची हवा कितीही जोरात मारली तरी ती ३९ चीच. चिकटवायच्या पंख्यांबद्दल जो काही निकाल आहे तो या वाक्यातच आला, तरी पुढे सविस्तर लिहितो, कारण पैसे माझे गेलेत.

आधी यातलं काय आहे ते शोधा

डेकवर काम सोपं आहे. तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीच्या चित्रापाशी जा, परफॉर्मन्स ओव्हरले वाढवा. चिपचं तापमान, वॅट, फ्रेम (सेकंदाला किती चित्रं) सगळं कोपऱ्यात दिसतं. पहिल्यांदा काहीच न खेळता होम स्क्रीनवर पाच मिनिटं ठेवा. तिथेच ७० च्या वर जात असेल तर मागे काहीतरी चाललंय: मोठं डाउनलोड, शेडरची प्रक्रिया (गेमची ग्राफिक्स आधीच तयार करून ठेवणं), एखादा अपडेट. माझ्या पहिल्या उन्हाळ्यातल्या निम्म्या दुपारी याच होत्या. मी खेळत होतो आणि मागे साठ जीबीचा गेम उतरत होता. खेळताना डाउनलोड चालू ठेवायचा पर्याय सेटिंगमधून बंद करून टाकला. विंडोजवरच्या हँडहेल्डमध्ये हा ताप आणखी जास्त, तिथे विंडोज स्वतःच्या मर्जीने काही ना काही करत असतं.

स्विच आकडे दाखवत नाही. त्याच्याकडे कान लावायचा. स्विचमध्ये पंखा आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, इतका तो एरवी शांत असतो. तो लांबून ऐकू यायला लागला की समजायचं. आणि स्विच हातात आणि डॉकमध्ये सारखाच तापत नाही. डॉकमध्ये बसवला की ग्राफिक्सची चिप ७६८ मेगाहर्ट्झवर चालते, हातात असताना साधारण निम्म्या वेगावर. डॉकमध्ये बंद पडतो आणि हातात नाही, अशी तक्रार असेल तर बिघाड शोधायला यंत्र उघडू नका, आधी डॉक कुठे ठेवलाय ते बघा.

भाच्याचा डॉक टीव्हीच्या शोकेसमध्ये होता. खालच्या कप्प्यात, सेटटॉप बॉक्सच्या मांडीला मांडी लावून, समोर सरकती काच. ताईने धूळ बसू नये म्हणून डॉकवर क्रोशाचा रुमाल टाकलेला. स्विच गरम हवा नेमकी वरून बाहेर सोडतो. मी काच सरकवून आत हात घातला तर पापड भाजता येतील अशी हवा. डॉक शोकेसच्या वर, मोकळ्यात, भिंतीपासून वीतभर पुढे आणला. रुमाल सेटटॉप बॉक्सला गेला. त्या दिवसापासून डॉकमधली पाटी दिसायची ती जवळपास थांबली. एक रुपया खर्च झाला नाही, फक्त ताईला पटवायला दोन दिवस गेले.

कापूस

आमच्या गावची खास अडचण. अकोला म्हणजे कापसाचा पट्टा, जिनिंगवाले, गाद्या भरणारे, सरकी सगळं आजूबाजूला. हवेत बारीक तंतू असतात. हे तंतू जाळीवर बसत नाहीत, जाळीतून आत जाऊन हीटसिंकच्या पातळ पात्यांवर नमद्यासारखे बसतात. बाहेरून यंत्र स्वच्छ दिसतं. भाच्याचा स्विच उघडला तेव्हा पंखा आणि हीटसिंकच्या मधोमध करड्या लोकरीची पट्टी निघाली, करंगळीच्या नखाएवढी जाड. पंखा फिरत होता, हवा बाहेर येत नव्हती.

हे उघडायच्या आधी तपासता येतं. वर्तमानपत्राची बोटभर लांब, बारीक पट्टी फाडा आणि पंखा जोरात असताना वरच्या तोंडासमोर धरा. पट्टी आडवी उडाली तर वाट मोकळी. आवाज मोठा आणि पट्टी नुसती थरथरतेय, तर आत लोकर आहे.

सफाई करायची तर यंत्र पूर्ण बंद करून. आधी बाहेरूनच मऊ, कोरड्या ब्रशने जाळी झाडा. हवेचा डबा किंवा ब्लोअर मारणार असाल तर पंखा काडीने अडवून धरा. दाबाच्या हवेने पंखा त्याच्या वेगाबाहेर भिंगरीसारखा फिरला तर बेअरिंग जातं, आणि मग खरोखरच नवा पंखा लागतो. गाड्या धुवायच्या दुकानातली हवा तर मारूच नका, त्यात पाणी असतं.

उघडायचं असेल तर दोन गोष्टी. स्विचच्या मागचे स्क्रू तीन टोकांचे, वायच्या आकाराचे असतात. साध्या फुलीच्या पेचकसाने त्यांची डोकी गोल होतात आणि मग ते निघतच नाहीत. आणि डेक उघडताना मायक्रोएसडी कार्ड आधी बाहेर काढा. आधी. मागचं कव्हर उचललं की आत राहिलेलं कार्ड त्या फटीत अडकतं आणि तुटतं. माझा डेक मी पहिल्यांदा दुरुस्तीच्या एका दुकानात दिला होता, त्या कारागिराने कार्ड न काढता कव्हर ओढलं. माझ्या हातात कार्डाचे दोन तुकडे ठेवले आणि वर म्हणाला, "हे आधीच तुटलेलं असेल." पाचशे बारा जीबी. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण कारागीर कुठलाही असो, यंत्र देताना कार्ड स्वतः काढून खिशात ठेवा. एलसीडी डेकचे मागचे आठ स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये रुततात, चार लांब आणि चार आखूड. उलटसुलट लावले किंवा जोर केला तर आटे जातात. मुलांनी गोट्या मांडाव्यात तसे कागदावर जागेप्रमाणे मांडून ठेवायचे.

थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंकच्या मधला उष्णता वाहणारा लेप, बदलायची का? पाच-सहा वर्षांच्या पहिल्या स्विचला बदलून फरक पडतो, पेस्ट सुकून खडूसारखी झालेली असते. दोन वर्षांच्या डेकला मी तरी हात लावणार नाही. आणि डेकमध्ये लांब एसएसडी (साठवणीचा ड्राइव्ह) बसवण्याचे जे व्हिडिओ दिसतात त्यांच्या नादी लागू नका. व्हॉल्व्हच्या माणसांनीच २०२२ मध्ये सांगितलं होतं की चार्जिंगची चिप तापते, तिच्याजवळचे थर्मल पॅड हलवू नका, आणि बहुतेक लांब ड्राइव्ह जास्त वॅट खाऊन यंत्राच्या अंदाजापेक्षा जास्त तापतात.

वॅट कमी करा

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि तो फुकट आहे. डेकची चिप जास्तीत जास्त १५ वॅट घेते. पडदा, वायफाय, बाकीचं धरून अख्खं यंत्र जड गेममध्ये २५ वॅटच्या आसपास जातं. ४० वॅट-तासांची बॅटरी दीड-पावणेदोन तासांत का संपते, त्याचं गणितही हेच. बॅटरीतून निघालेला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन तुमच्या तळहातापाशीच येतो.

तीन ठिपक्यांच्या त्याच पानावर वॅटची मर्यादा घालता येते. मी मे महिन्यात १५ ची १० करतो. सोबत फ्रेमची मर्यादा ६० वरून ४० आणि पडदाही ४० हर्ट्झवर. चाळीस ऐकायला कमी वाटतं, पण हातात तीस आणि साठच्या बरोबर मधलं जाणवतं: साठला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, तीसला ३३.३ ची आणि चाळीसला बरोबर २५ ची. या दोन बदलांनी माझी तीच जागा, तीच ३९ अंशांची खोली, ८७ वरून ७५-७६ वर आली. पंख्याची शिटी थांबली. बॅटरी तासभर जास्त. विंडोजवाल्या यंत्रांत हेच सायलेंट, परफॉर्मन्स, टर्बो अशा नावांनी असतं. दुपारी टर्बोला हात लावू नका एवढंच.

गंमत अशी की १९८९ चा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर चालायचा आणि अख्खं यंत्र एका वॅटपेक्षा कमी खायचं. त्याला ना पंखा होता ना जाळी, आणि "गेम बॉय तापतोय" अशी तक्रार कोणी केली नाही. २००४ च्या पीएसपीतही पंखा नव्हता. आपण तळहातावर लॅपटॉप धरून बसलोय, ही वस्तुस्थिती आहे. शेतीचा, पत्त्यांचा, साधा द्विमितीय गेम लावून बघा, डेक चार-पाच वॅटवर गप्प बसतो. दुपारी बारा ते पाच हलके गेम आणि रात्री गच्चीवरून खाली आल्यावर जड गेम, असं वेळापत्रक आमच्याकडे आता ठरून गेलंय. भाचा कुरकुरतो, पण पाळतो.

स्विचमध्ये वॅट कमी करायची सोय नाही. दुपारी डॉकमधून काढून हातात खेळायचा, म्हणजे तो आपोआप कमी वेगावर येतो. नवा घ्यायचाच असेल तर २०१९ च्या ऑगस्टनंतर आलेला सुधारित स्विच कमी वॅटच्या चिपचा आहे. सेकंडहँड घेताना हा फरक विचारून घ्या. ऑक्टोबर २०२१ चा ओलेड स्विचही त्याच पिढीतला. डेकमध्ये नोव्हेंबर २०२३ च्या ओलेड मॉडेलला नवी चिप आणि मोठा पंखा आहे. मित्राचा हाताळला, खूपच शांत.

चार्जर

खेळता खेळता चार्ज करणं ही आपली सवय, त्यात लाइट जायची भीती. पण चार्ज होताना बॅटरी आणि चार्जिंगची चिप दोन्ही तापतात, आणि लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. बरीच यंत्रं तापमान वाढलं की चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात. "चार्जर लावलाय तरी टक्के वाढत नाहीत" ही उन्हाळ्यातली तक्रार बहुतेक वेळा चार्जरची नसते. सकाळी सहा-सातला, खोली २८-२९ ला असताना चार्ज करून ठेवा. चिपला ९० ची सवय असते, बॅटरीला नसते. उन्हाळ्यात मला काळजी चिपपेक्षा बॅटरीची वाटते, कारण या यंत्रांची बॅटरी इथे सहज मिळत नाही आणि दुरुस्तीला बहुतेकदा अधिकृत दुकान नाही.

पाठ फुगलेली दिसली, पडदा एका कडेने उचललेला दिसला, कव्हर आपोआप सुटायला लागलं, तर चार्ज करणं तिथेच थांबवा. दाबून बसवू नका.

आता पंखे आणि कूलर

मागून चिकटणारा पंखा. डेकला बाहेरचं एकच टाइप-सी तोंड आहे, स्विचलाही एकच. पंखा तिथे लावला की चार्जर लागत नाही, आणि पंख्याचे दीड-दोन वॅट यंत्राच्याच बॅटरीतून जातात. वेगळ्या पॉवर बँकेवर लावून मोजलं. ३९ अंशांच्या खोलीत चिप दोन-तीन अंशांनी उतरली, पाठ हाताला बरीच गार लागली. म्हणजे पैसे चिपसाठी वाया, हातासाठी वाया नाहीत. घामट हातांनी धरायचं असेल तर घ्या. पंख्याची दिशा मात्र बघा. त्याने हवा यंत्राकडे, मागच्या जाळीत ढकलली पाहिजे. माझा पहिला उलटा होता, बाहेर ओढत होता, आणि आतल्या पंख्याशी रस्सीखेच करत होता. तीच वर्तमानपत्राची पट्टी इथेही कामाची.

डॉकवर बसणारा पंखा. वरून निघणारी हवा ओढून घेणारा असेल तर मोकळ्यात ठेवलेल्या डॉकला त्याची गरज नाही, आणि बंद कप्प्यातल्या डॉकला त्याचा उपयोग नाही, कारण तो तीच गरम हवा कप्प्यात फिरवतो.

पेल्टिअर कूलर, म्हणजे मोबाइलला लावतात ती बर्फासारखी गार होणारी चकती. ही मात्र हवेपेक्षा खरोखर थंड करते. पण तिची एक बाजू गार झाली की दुसरी तापते, आणि तो ताप तिचा छोटा पंखा तिथेच आसपास सोडतो, बऱ्याचदा यंत्राच्याच आत जाणाऱ्या हवेत. शिवाय डेकची पाठ प्लास्टिकची. प्लास्टिकमधून गारवा आत पोचत नाही. चकतीखालचं प्लास्टिक गार, चिप जिथल्या तिथे. मागे धातूची पट्टी असलेलं कव्हर बसवून लावणारे लोक आहेत, त्यांना थोडा फरक दिसतो.

मुंबई-कोकणवाल्यांनी मात्र ही चकती लांबच ठेवावी. दादरच्या मित्राने ऑगस्टमध्ये लावली, वीस मिनिटांनी काढली तर डेकच्या पाठीवर, जाळीच्या बाजूला, माठावर असतात तसे थेंब. कारण साधं आहे. ३० अंश आणि ८० टक्के दमट हवेत दव पडायला २६ अंश पुरतात, आणि चकती त्याच्या खूप खाली जाते. अकोल्यात मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला दव पडायला १० च्या आसपास जावं लागतं, म्हणून इथल्या लोकांना थेंब दिसत नाहीत आणि ते "आमच्याकडे तर काही होत नाही" असं सांगतात. दोघंही खरं बोलतात.

याच कारणाने फ्रिज, फ्रीजर, बर्फाची पिशवी, ओला नॅपकिन हे सगळं बाद. फ्रिजमधून काढलेल्या यंत्राला आतून घाम येतो, तो पुसता येत नाही.

आणि आता खरा कूलर. आपला, पाण्याचा, खिडकीत बसवलेला, गवताच्या ताट्यांचा. बाहेर ४२ आणि हवा कोरडी असेल तर तो खोली २८-३० वर आणतो. वरचं अंतराचं गणित आठवा: खोली दहा अंशांनी उतरली की चिपही जवळपास तेवढीच उतरते. दीड हजाराच्या पंख्यांनी दोन-तीन अंश, घरात असलेल्या कूलरने दहा. फक्त थेट त्याच्या झोतात बसू नका. ताट्या नवीन असताना आणि पाणी जास्त सोडलं की बारीक तुषार येतात, आमच्या बोअरच्या पाण्याचे तर सुकल्यावर पांढरे डाग राहतात. ते डाग हीटसिंकवर नकोत. बाजूला, भिंतीकडे बसा. खोलीची दुसरी खिडकी फटभर उघडी ठेवा, नाहीतर दमटपणा साठतो आणि कूलरही काम करेनासा होतो. पहिला पाऊस पडला की तसाही तो नुसता पंखा उरतो, पण तोवर बाहेरचं तापमानच उतरलेलं असतं.

बॅगेतला ताप

ही चूक माझ्याकडून एकदाच झाली. गेम चालू ठेवून डेक झोपवला, त्याच्या पेटीत घातला, पेटी बॅगेत, आणि एसटीने अमरावती. कशाने तरी तो मधेच जागा झाला असावा. पोचल्यावर पेटी उघडली तर इस्त्री काढल्यासारखी वाफ. बंद पेटीत ना हवा आत ना बाहेर. प्रवासात पूर्ण बंद करायचा, झोपवायचा नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर बंद करूनही ठेवायचा नाही.

उष्णतेने चिपऐवजी दुसरंच काही जातं याचं उदाहरण आसुसच्या रॉग ॲलीचं. २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या मॉडेलमध्ये काही परिस्थितीत उष्णतेमुळे एसडी कार्डाचा वाचक बिघडू शकतो, हे कंपनीनेच मान्य केलं आणि पंख्याचे वेग वाढवणारे अपडेट दिले. तुमच्याकडे ते मॉडेल असेल आणि कार्ड मधूनच दिसेनासं होत असेल तर कार्ड बदलत बसू नका, वॉरंटीची चौकशी करा. आपल्याकडे हे यंत्र अधिकृतपणे विकलं गेलंय, त्यामुळे विचारायला जागा तरी आहे.

तरीही बंद पडत असेल तर

खोली ३५ च्या खाली, जाळी मोकळी, चार्जर काढलेला, वॅट कमी केलेले, आणि तरीही डेक ९५ च्या पुढे जात असेल, तर आता उघडायची वेळ आली: लोकर, पंखा किंवा पेस्ट. पंखा हात लावल्यावर सहज फिरतो का, खरखरतो का ते बघा.

पण यंत्र ६०-७० वर असतानाच पटकन काळं होत असेल, तर ताप हे कारणच नाही. हे मी उशिरा शिकलो. भाच्याचा स्विच मागच्या दिवाळीत पुन्हा बंद पडला. उन्हाळ्याची सवय लागलेली, मी लगेच डॉक तपासला, जाळी झाडली, कागदाची पट्टी धरली. पट्टी छान आडवी उडत होती. खोलीत २६ अंश. तापमानाची पाटीही आली नव्हती, नुसता काळा. मग लक्षात आलं की तो दर वेळी हातात असतानाच बंद पडतोय, तीस-पस्तीस टक्के बॅटरी दाखवत असताना, आणि चार्जर लावला की लगेच उठतोय. जुनी बॅटरी टक्के खोटे सांगत होती. आता तो डॉकमध्येच असतो, शोकेसच्या वर, बिनरुमालाचा. बॅटरी मिळाली की उघडू.